बरा झाल्याचा कागद: कुवेतला निघालेल्या एका वेल्डरचं प्रकरण

खेड तालुक्यातला एक वेल्डर. तिशी नुकतीच ओलांडलेला, दहावीनंतर आयटीआय केलेला, लोटे-परशुरामच्या एमआयडीसीत बरीच वर्षं पाइप फॅब्रिकेशन करत असलेला. कुवेतमधल्या एका कंत्राटी कंपनीसाठी मुंबईत ट्रेड टेस्ट झाली, त्यात तो पास झाला, ऑफर लेटर हातात आलं. तिथे राहून काम करण्याचा परवाना, म्हणजे रेसिडेन्सी, मिळवायची तर आता दोन गोष्टी पार पाडायच्या होत्या: मेडिकल आणि पोलिसांचा दाखला. मेडिकलमध्ये त्याच्या फुप्फुसावरचा बारा वर्षांपूर्वीचा डाग आडवा आला. पोलिसांच्या दाखल्यात भावकीच्या भांडणातला जुना गुन्हा आडवा आला. क्षय कधीच बरा झालेला होता आणि खटल्यातून तो निर्दोष सुटलेला होता. गुन्ह्याची अडचण तीन महिन्यांत सुटली. डागाची सुटली नाही आणि सुटणारही नाही. असं का होतं, हे या प्रकरणातून नीट मांडायचं आहे.

एक खुलासा आधीच करतो. हा वेल्डर म्हणजे कुणी एक व्यक्ती नाही. कोकणातून आखातात जाणाऱ्यांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टी एका माणसाभोवती जुळवल्या आहेत, म्हणजे कुणाची ओळख उघडी पडणार नाही. नियम, वर्षं आणि आकडे आहेत तसे दिले आहेत.

कुवेतची वाट

खेड, दापोली, मंडणगड, पलीकडे म्हसळा आणि श्रीवर्धन या पट्ट्यात ‘बाहेर’ जाणं म्हणजे आखातात जाणं. कुवेतच्या लोकसंख्येत दोन तृतीयांशाहून जास्त माणसं परदेशी आहेत आणि त्यांत सर्वांत मोठी संख्या भारतीयांची, दहा लाखांच्या आसपास. तिथली रेसिडेन्सी कायमची नसते. खासगी कंपनीत काम करणाऱ्याला ती तिथल्या कायद्याच्या कलम १८ खाली मिळते, घरकामगाराला कलम २० खाली. ती मालकाशी बांधलेली असते आणि मुदत संपली की नूतनीकरण करावं लागतं.

वाट साधारण अशी. कंपनी तिकडून वर्क परमिट काढते. इकडे कामगार मेडिकल करतो आणि पीसीसी, म्हणजे पोलिसांचा दाखला, काढतो. त्या पीसीसीवर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा आणि मग कुवेतच्या दूतावासाचा शिक्का लागतो, कारण अपोस्टिलच्या, म्हणजे एकाच शिक्क्यावर कागद परदेशात मान्य व्हावा यासाठीच्या, आंतरराष्ट्रीय करारात कुवेत नाही आणि एका शिक्क्यावर भागत नाही. मग व्हिसा. तिकडे उतरल्यावर मेडिकल पुन्हा होतं, हाताचे ठसे घेतले जातात, ते तिथल्या गुन्हे विभागाच्या नोंदींशी ताडून पाहिले जातात, आणि सगळं जुळलं तर रेसिडेन्सीचा शिक्का बसून सिव्हिल आयडी, म्हणजे तिथलं ओळखपत्र, हातात येतो. म्हणजे तब्येत आणि चारित्र्य, दोन्ही दोनदा तपासलं जातं. हे ज्याला माहीत नाही तो पहिली पायरी चढली की पोचलो असं समजतो, आणि बहुतेकांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

‘अनफिट’

मेडिकलची नोंदणी ‘वाफिद’ या पोर्टलवर होते. लोक अजून ‘गामका’च म्हणतात, जुनं नाव तेच होतं. सहाही आखाती देशांची मिळून जी आरोग्य परिषद रियाधमध्ये आहे, तिच्या नियमांप्रमाणे मान्यताप्राप्त केंद्रांवर ही तपासणी होते. कतारची सोय वेगळी आहे. त्यांचं स्वतःचं व्हिसा केंद्र मुंबईत आहे आणि मेडिकल, ठसे, करारावर सही हे सगळं तिथेच उरकतं. आपल्या वेल्डरला मात्र वाफिदच्या स्लिपवर नाव आलेल्या मुंबईच्या केंद्रात जायचं होतं.

रक्त, लघवी, छातीचा एक्सरे, रक्तदाब, डोळे, कान. रक्तात एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, साखर, यकृत आणि मूत्रपिंड यांचं काम. एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस निघालं तर ‘अनफिट’. क्षय निघाला तर ‘अनफिट’. आणि आखाती नियमांत क्षयाच्या खान्यात चालू आजारासोबत जुन्या आजाराची खूणही धरली आहे: फायब्रोसिस (भरलेल्या जखमेचे तंतू), कॅल्सिफिकेशन (साठलेला चुना), ग्रॅन्युलोमा (जुन्या सुजेची छोटी गाठ), फुप्फुसावरच्या आवरणाची जाडी. आजार आता आहे की पूर्वी होता, या फरकाला त्या खान्यात जागा नाही.

वेल्डरच्या एक्सरेत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात फायब्रोसिस दिसला. एकोणिसाव्या वर्षी त्याला क्षय झाला होता. थुंकी पॉझिटिव्ह होती. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातून डॉट्सचा खोका मिळाला. तेव्हा गोळ्या आठवड्यातून तीन दिवस, कुणाच्या तरी समोर घ्यायच्या असत. रोज घ्यायची पद्धत नंतर, २०१७ च्या सुमाराला आली. सहा महिने त्याने एकही खाडा केला नाही, शेवटच्या तपासणीत थुंकी निगेटिव्ह आली आणि कार्डावर ‘बरा झाला’ अशी नोंद झाली. पुढची बारा वर्षं ताप नाही, खोकला नाही, वजन उतरलं नाही. लोट्याच्या उन्हात आणि धुरात तो पूर्ण पाळी उभा राहून काम करत होता.

फुप्फुसात क्षयाने जखम केली की ती भरून येते तेव्हा तिथे तंतूंची गाठ पडते. कधी त्यात चुना साठतो. औषधं जंतू मारतात, ही गाठ विरघळवत नाहीत. ती जन्मभर एक्सरेत दिसत राहते आणि नीट भरून आली हेच सांगत असते. भाजल्याच्या व्रणाकडे बघून कुणी या माणसाला आग लागली आहे असं म्हणत नाही. आखाती नियम जुन्या डागाच्या बाबतीत नेमकं तेच म्हणतो.

त्याने काय केलं नाही ते विचारा. चुलतभावाच्या सांगण्यावरून छातीच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी जिल्हा क्षयरोग केंद्रात थुंकी तपासायला पाठवलं. ट्रूनॅटवर तपासणी झाली. हे यंत्र गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं, २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली आणि आता ते आपल्या तालुक्यांपर्यंत पोचलं आहे. निगेटिव्ह. मग कल्चर लावलं. द्रव माध्यमात जंतू वाढतो का हे सहा आठवडे बघतात. तेही निगेटिव्ह. डॉक्टरांनी लिहून दिलं: जुना, बरा झालेला क्षय, सध्या आजार नाही, संसर्गाचा धोका नाही. हे सगळं घेऊन तो मुंबईच्या केंद्रात पुन्हा गेला. तिथल्या माणसाने फाईल चाळली, सहानुभूतीने वागला, आणि सांगितलं की आम्ही एक्सरेत जे दिसतं ते भरतो, याचं काही करता येत नाही. एक्सरे काढताना चूक झाली असती तर पुन्हा काढता आला असता. इथे चूक झालेलीच नव्हती.

तो कर्मचारी खोटं बोलला नाही. त्याच्या हातात खरंच काही नव्हतं, आणि मला सगळ्यांत जास्त सलतं ते हेच. रुग्णाने सहा महिने शिस्तीत औषधं घेतली, सरकारने फुकट उपचार दिले, प्रयोगशाळेने जंतू नसल्याचं दाखवलं, डॉक्टरांनी सही केली, आणि या सगळ्यातून जो कागद तयार झाला तो कुठल्या खिडकीत द्यायचा याचं उत्तर संपूर्ण व्यवस्थेत कुणाकडेच नाही.

त्यांची भीती खोटी नाही

आखाती देशांची बाजूही धड ऐकली पाहिजे. जगातल्या नव्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. कामगार कॅम्पात एका खोलीत बंक टाकून अनेक माणसं झोपतात, एसीसाठी खिडक्या बंद असतात. एका माणसाचा क्षय तिथे पसरायला वेळ लागत नाही. एकदा क्षय झालेल्याला तो पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, हेही खरं. आणि एक्सरे निरुपयोगी तर मुळीच नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या आपल्याच राष्ट्रीय पाहणीत दिसलं की एक्सरे काढला नसता तर ४२.६ टक्के क्षयरुग्ण हाती लागलेच नसते, कारण त्यांना लक्षणं जाणवत नव्हती.

पण त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे. पंधरा वर्षांवरच्या भारतीयांत साधारण ३१ टक्के लोकांच्या शरीरात क्षयाचा जंतू सुप्त अवस्थेत आहे. त्यांच्या एक्सरेत काहीच दिसत नाही. ते ‘फिट’ होतात, विमानात बसतात, आणि त्यांतल्या काहींचा जंतू त्याच कोंदट खोल्यांत जागा होतो. म्हणजे हा नियम उपचार घेऊन बरा झालेल्याला दाराबाहेर ठेवतो आणि कधीच उपचार न घेतलेल्याला आत सोडतो. सार्वजनिक आरोग्याचा म्हणून हा नियम कच्चा आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

धोका कमी करायचे दुसरे मार्ग अंधारात चाचपडण्यासारखे नाहीत, ते रोज वापरात आहेत. ब्रिटनला सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायला जाणाऱ्या भारतीयांना ठरावीक दवाखान्यांत छातीचा एक्सरे काढावा लागतो. एक्सरेत शंका आली तर थुंकीचे तीन नमुने घेतात, कल्चर लावतात, दोनेक महिने थांबवतात. जंतू वाढला नाही तर प्रमाणपत्र देतात आणि माणूस जातो. कॅनडात कायम रहिवासी होऊ पाहणाऱ्याच्या एक्सरेत जुना क्षय दिसला तर तपासण्या वाढतात, वेळ लागतो, पण आजार निष्क्रिय ठरला की त्याला प्रवेश मिळतो. तिथे पोचल्यावर ठरावीक मुदतीत स्थानिक आरोग्य खात्याला हजेरी द्यायची, एवढी अट. आजार आत्ता आहे का, हा या देशांचा प्रश्न असतो. कधी होता का, हे विचारून ते पुढच्या तपासणीची दिशा ठरवतात.

आखातातही हालचाल झालेली आहे. संयुक्त अरब अमिरातीने २०१६ मध्ये नियम बदलला. तिथे आधीपासून राहणाऱ्या कामगाराच्या रेसिडेन्सीच्या नूतनीकरणाच्या वेळी क्षय किंवा त्याचा जुना डाग सापडला, तर त्याला परत पाठवण्याऐवजी अटींसह वर्षभराचं प्रमाणपत्र द्यायचं आणि उपचार तिथेच करायचे. नव्याने येणाऱ्याला हा बदल लागू नाही. पण जो डाग नूतनीकरणात चालतो तो पहिल्या वेळी का चालू नये, हा प्रश्न आता त्यांच्याच नियमातून उभा राहतो.

भावकीचा गुन्हा

पीसीसीचं प्रकरण तुलनेने थोडक्यात सांगता येईल.

काजूच्या बागेच्या हद्दीवरून चुलत्यांशी भांडण झालं होतं. काठ्या निघाल्या, दोन्हीकडून तक्रारी झाल्या, भादंविच्या ३२४, ५०४, ५०६ खाली गुन्हा नोंदला गेला. खटला चालला, साक्षीदार फिरले, तीन वर्षांनी सगळे निर्दोष सुटले. आज ते चुलते आणि हा वेल्डर एकाच गणपतीत आरती करतात.

पासपोर्ट सेवा केंद्रात ५०० रुपये भरून पीसीसीचा अर्ज केला. अर्ज पडताळणीसाठी जिल्हा पोलिसांकडे आणि तिथून ठाण्यात आला. गोपनीय शाखेच्या हवालदाराने संगणकावर नाव टाकलं, गुन्हा दिसला. आरोपपत्र गेल्याची नोंद होती, निकालाची नव्हती. अहवाल प्रतिकूल गेला. हे कुणाच्या वाईट हेतूने होत नाही. न्यायालयाने दिलेला निकाल पोलिसांच्या नोंदीत चढवायचं काम मागे पडतं आणि ज्याचा निकाल आहे त्याला ते दाखल्याची गरज पडेपर्यंत कळत नाही.

त्याने वकिलाला गाठलं, न्यायालयात नकलेचा अर्ज केला, निकालपत्राची प्रमाणित प्रत मिळवली. ती ठाण्यात दिली, एक पोलीस अधीक्षक कार्यालयात दिली, एक पासपोर्ट कार्यालयाला खुलाशासोबत जोडली. फेरपडताळणी झाली आणि दाखला मिळाला. खर्च झाला, हेलपाटे झाले, पण प्रत्येक टेबलावर त्या निकालपत्राला वजन होतं. न्यायाधीशाने सोडलं आहे म्हटल्यावर हवालदारापासून पासपोर्ट अधिकाऱ्यापर्यंत कुणी त्याला ‘पण तुझ्यावर गुन्हा होता ना’ असं म्हणालं नाही.

खटला चालू असता तर गोष्ट अवघड होती. पासपोर्ट कायद्याच्या कलम ६ प्रमाणे फौजदारी खटला प्रलंबित असेल तर पासपोर्टच नाकारता येतो. तरी तिथेही एक वाट ठेवलेली आहे. १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे संबंधित न्यायालयाने परवानगी दिली तर ठरावीक मुदतीचा पासपोर्ट मिळतो. म्हणजे आरोप डोक्यावर असतानाही कुणीतरी जबाबदार माणूस कागद वाचून निर्णय घेऊ शकतो. आजारातून बरा झालेल्याच्या बाबतीत असा निर्णय घ्यायचा अधिकार कुणालाच दिलेला नाही.

चारित्र्याच्या दाखल्याचा नियम किती झपाट्याने बदलतो, तेही पाहण्यासारखं आहे. अमिरातीने फेब्रुवारी २०१८ मध्ये वर्क व्हिसासाठी असा दाखला सक्तीचा केला आणि एप्रिलपासून भारतासह नऊ देशांच्या नागरिकांसाठी ती अट स्थगित केली. सौदी अरेबियाने ऑगस्ट २०२२ मध्ये भारतीयांकडून पीसीसी मागायला सुरुवात केली. अर्जांचा एवढा लोंढा आला की सप्टेंबरअखेर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने टपाल कार्यालयांतल्या पासपोर्ट केंद्रांमध्येही पीसीसीची सोय सुरू केली. १७ नोव्हेंबरला सौदी दूतावासाने दिल्लीत जाहीर केलं की भारतीयांना आता पीसीसीची गरज नाही. दोन सरकारांनी मनावर घेतलं तर लाखो कामगारांवरची अट तीन महिन्यांत उठते. डागाच्या नियमाखाली मोडून पडणारे लोक मात्र एकेकटे, आपापल्या गावात, गप्प बसलेले असतात. त्यांचा लोंढा कुठल्याच खिडकीवर दिसत नाही.

पैसे आधी, तपासणी नंतर

इथपर्यंतचं नुकसान नोकरी हुकण्याचं होतं. खरा घाव बसला तो क्रमामुळे.

ऑफर लेटर आल्याबरोबर गावातल्या सब-एजंटने पैसे मागितले. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालच्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत रिक्रूटिंग एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं, म्हणजे ३५,४०० रुपये. सब-एजंट हा प्रकार कायद्याला मान्यच नाही. आपल्या वेल्डरने दिले एक लाख दहा हजार, पावतीशिवाय. त्यासाठी बायकोचं मंगळसूत्र आणि बांगड्या पतसंस्थेत तारण गेल्या. लोट्यातली नोकरी त्याने मेडिकलच्या आधीच्या आठवड्यात सोडली, कारण ‘पंधरा दिवसांत फ्लाइट आहे’ असं त्याला सांगितलेलं होतं.

दहावी झाल्यामुळे त्याचा पासपोर्ट ईसीएनआर होता, म्हणजे उत्प्रवास मंजुरीची गरज नसलेला. हा दर्जा मानाचा समजला जातो. पण त्याचा दुसरा अर्थ असा की प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या, म्हणजे कामासाठी परदेशी जाणाऱ्यांना मंजुरी देणाऱ्या सरकारी, कार्यालयात त्याचा करार, पगार, एजंटची नोंदणी हे कुणी तपासलंच नाही. कमी शिकलेल्या माणसाला निदान तेवढी एक चाळण तरी असते.

‘अनफिट’ आल्यावर सब-एजंटने आधी म्हटलं, होतं असं, सेटिंग करू. दुसऱ्या केंद्रात, दुसऱ्याचा स्वच्छ एक्सरे लावून काम होतं, वर तीस हजार लागतील. वेल्डर मोहात पडला होता. त्याला थांबवलं ते कुवेतमध्ये बारा वर्षं काढलेल्या त्याच्या मेव्हण्याने. तिकडे पोचल्यावर एक्सरे पुन्हा काढतात, आणि तो याच्याच छातीचा निघणार होता. तेव्हा परतीचं तिकीट, बुडालेले सगळे पैसे, आणि ठशांसकट त्यांच्या यंत्रणेत कायमची नोंद. शिवाय पहिला निकाल पासपोर्ट क्रमांकाखाली ऑनलाइन चढलेला असतो. एका देशाचा ‘अनफिट’ बाकीच्यांनाही दिसतो. मेव्हण्याचा तो फोन आला नसता तर हे प्रकरण आणखी वाईट ठिकाणी गेलं असतं.

पैसे परत मागितल्यावर सब-एजंट दोन महिने भेटला नाही. शेवटी सरपंच आणि वाडीतले दोन मोठे मध्ये पडले तेव्हा साठ हजार परत आले. बाकीचे ‘वर दिले’. लेखी तक्रार करू या असं सुचवलं तेव्हा वेल्डर नको म्हणाला. पावती नव्हती, आणि त्याच एजंटने वाडीतली आणखी चार पोरं पाठवली होती, त्यांचं काम बिघडेल अशी भीती होती.

आणि गावात काय झालं, तेही या प्रकरणात नोंदवलंच पाहिजे. ‘मेडिकलमध्ये उडाला’ ही बातमी त्याच्या आधी वाडीत पोचली. त्याला पुन्हा टीबी झालाय, असं लोक बोलू लागले. मुलीला शेजारच्या घरात खेळायला पाठवताना बायको कचरू लागली, कारण त्या घरच्या आजीने एकदा पाण्याचा ग्लास वेगळा ठेवला होता. बारा वर्षांपूर्वी औषधं चालू असताना जे सोसलं, ते सगळं निरोगी असताना पुन्हा वाट्याला आलं. आशा सेविकेने घरी येऊन, चार शेजाऱ्यांना बसवून, ट्रूनॅट आणि कल्चरचे रिपोर्ट वाचून दाखवले तेव्हा कुठे ते थोडं निवळलं. त्या रिपोर्टांचा प्रत्यक्ष उपयोग झाला तो एवढ्या एका ठिकाणी.

काय करता येईल

एका माणसाच्या पातळीवर उपाय स्वस्त आहे. एजंटला एक रुपया देण्याआधी, नोकरी सोडण्याआधी, तालुक्याच्या ठिकाणी छातीचा एक्सरे काढायचा आणि त्याचा लेखी रिपोर्ट घ्यायचा. काहीशे रुपयांचं काम आहे. रिपोर्टात फायब्रोसिस, कॅल्सिफिकेशन, ग्रॅन्युलोमा यांतला शब्द असेल तर आखातासाठी पुढे पैसे घालू नयेत. सोबत हिपॅटायटिस बी आणि सीची रक्त तपासणीही करून घ्यावी, तिथेही अनेकांना पहिल्यांदा कळतं ते मेडिकलच्याच दिवशी. नावावर कधी गुन्हा नोंदला गेला असेल, तर निकालाची प्रमाणित प्रत आधीच काढून ठाण्यात देऊन नोंद चढली का ते बघावं. ज्याने क्षयाचा उपचार पूर्ण केला आहे त्याने कार्ड आणि शेवटच्या थुंकी तपासणीचा कागद जपून ठेवावा, आखात बंद असलं तरी ब्रिटन-कॅनडासारख्या ठिकाणी तो उपयोगी पडतो.

पण हा उपाय माणसाला खड्ड्यात पडण्यापासून वाचवतो, खड्डा बुजवत नाही. तो सरकारनेच बुजवायचा आहे, आणि त्यासाठी लागणारं साहित्य आपल्याकडे तयार आहे. आपल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात प्रत्येक रुग्णाची निक्षय पोर्टलवर नोंद होते. उपचार संपल्यावरही सहा, बारा, अठरा आणि चोवीस महिन्यांनी त्याची तपासणी करायची असा नियम आहे, कारण आजार उलटण्याची शक्यता पहिल्या दोन वर्षांतच सर्वांत जास्त असते. या चार तपासण्या, एक ताजं कल्चर, आणि काही महिन्यांच्या अंतराने काढलेले, एकमेकांशी ताडलेले दोन एक्सरे, ज्यांत डाग होता तेवढाच आहे: एवढं एकत्र करून जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्याच्या सहीचं, पोर्टलवर पडताळता येणारं प्रमाणपत्र देता येईल. मग ते घेऊन परराष्ट्र आणि आरोग्य मंत्रालयाने आखाती आरोग्य परिषदेशी बोलायचं. मागणीही मोठी नाही. नव्याने येणाऱ्याला सरसकट मोकळीक द्या असं कुणी म्हणत नाही. अमिरातीने नूतनीकरणासाठी जी अटींसह वर्षभराची मुदत दिली, तीच पहिल्या प्रवेशाला द्या आणि हवं तर तिकडे दर सहा महिन्यांनी एक्सरे काढा, असं म्हणायचं आहे. पीसीसीच्या वेळी जसा कामगारांचा आकडा टेबलावर ठेवला गेला, तसा ‘बरे झालेले पण अनफिट’ ठरलेल्यांचा आकडा ठेवायला हवा. आज जिल्ह्यात अशी किती माणसं आहेत याची यादीही कुणी ठेवत नाही. निदान रत्नागिरी आणि रायगडमध्ये ती क्षयरोग केंद्रांना सहज ठेवता येईल.

वेल्डर सध्या जामनगरला रिफायनरीच्या शटडाउनच्या कामावर आहे. पगार लोट्यापेक्षा बरा, कुवेतच्या निम्म्याहून कमी. बांगड्या सुटल्या आहेत, मंगळसूत्र अजून पतसंस्थेत आहे. त्याच्या पीसीसीची मुदत वापर न होताच संपली. थुंकीचे रिपोर्ट, कल्चर, डॉक्टरांचं पत्र आणि तेव्हाचं डॉट्सचं कार्ड यांची फाईल त्याने सांभाळून ठेवली आहे, आणि पाइपलाइनच्या कामासाठी पोलंडला माणसं घेणाऱ्या एका नोंदणीकृत एजन्सीकडे त्याने अर्ज केला आहे. या वेळी एक्सरे दाखवूनच बोलणी सुरू केली.